राऊ, मस्तानी आणि गोदेचा कांठ

गंगाखेडास गोदावरीला गोदावरी असें सहसा कोणी म्हणत नाहीं, ती गंगाच. मराठवाड्यांत हाच प्रघात आहे, आणि गांवाच्या नांवांतहि तोच उतरला आहे. नदीच्या दक्षिण तीरावर वसलेल्या या गांवाची महाराष्ट्राला ओळख आहे ती जनाबाईची जन्मभूमि म्हणून. परंतु या कांठाला इतिहासाच्या दृष्टीनें दुसरीहि एक ओळख आहे, व ती फारशी कोणी सांगत नाहीं. अठराव्या शतकांत मराठे आणि निजाम यांच्यामधील कितीतरी मोठे निकाल याच नदीच्या खोऱ्यांत लागले. पालखेडची मोहीम १७२८ सालची. ती वैजापूरच्या मुलखांत झाली. तिच्या पाठोपाठचा तह मुंगी-शेगांव येथें, पैठणच्या आसमंतांत झाला. राक्षसभुवनची लढाई १७६३ सालीं झाली ती तर नदीच्या पात्रालगतच. आणि १७४० च्या फेब्रुवारी महिन्यांत पहिल्या बाजीरावानें आपल्या आयुष्यांतील शेवटचा तह केला तोहि याच नदीवर, मुंगी-पैठण येथें. त्या दिवशीं त्याची मस्तानी पुण्यांत कैदेंत होती.

या एका विसंगतीवर किती शाई आणि किती द्रव्य खर्चीं पडलें! ना. सं. इनामदार यांनीं १९७२ सालीं ‘राऊ’ ही कादंबरी लिहिली, आणि तिच्या आधारें संजय लीला भन्साळी यांनीं काढलेला ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट १८ डिसेंबर २०१५ रोजीं देशभर झळकला. त्याला सुमारें १४५ कोटी रुपये लागले असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें होतें. मराठी कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटावर एवढा पैसा पूर्वीं क्वचितच ओतला गेला असेल. चित्रपट चालला, प्रेक्षक रडले, पुण्यांत निषेधाच्या सभा झाल्या, दिग्दर्शन, छायालेखन आणि राधाबाईंच्या भूमिकेंतील तन्वी आझमी यांचा अभिनय यांना राष्ट्रीय पारितोषिकेंहि मिळालीं. हा सारा गलबला आतां शांत झाला आहे. तेव्हां कागदांतली मस्तानी, कादंबरींतली मस्तानी आणि पडद्यावरची मस्तानी या तिघींना शेजारीं शेजारीं बसवून पाहण्यास हरकत नाहीं.

प्रथम कागद. पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं बाहेर पडले. तोंपर्यंत मस्तानी म्हणजे बखरींतली आणि गप्पांतली एक गोरी सावली होती. विड्याचा रंग जिच्या गळ्यांतून दिसे म्हणतात ती. दफ्तर उघडलें तरी तिच्याविषयीं सांपडलें तें थोडकेंच, आणि जें सांपडलें त्यांत तिचा स्वतःचा एक शब्दहि नाहीं. तिच्याविषयीं लिहितात ते दुसरेच. घरांतील मंडळी, कारकून, बातमी कळविणारे. तिला कोठें ठेवावें, बाहेर जाऊं द्यावें कीं न द्यावें, रावांना हें कळलें तर काय होईल, हा त्या पत्रांचा विषय. एखाद्या नाजूक सरकारी कामाविषयीं लिहावें त्या सावधगिरीनें तीं लिहिलेलीं आहेत.

निश्चित सांगतां येईल तें असें. १७२९ च्या मार्चमध्यें महंमदखान बंगषाच्या वेढ्यांतून बाजीरावानें बुंदेलखंडच्या वृद्ध छत्रसालाची सुटका केली. कृतज्ञतेपोटीं छत्रसालानें त्याला आपल्या राज्याचा वांटा दिला, आणि मस्तानी त्याच्याकडे आली ती या संबंधांतूनच. ती छत्रसालाची मुसलमान स्त्रीपासून झालेली कन्या, असें एक मत. त्याच्या दरबारांतली नर्तकी, असें दुसरें. दोन्ही मतें आजतागायत नांदत आहेत. पुण्यास तिला शनवारवाड्यांत जागा मिळाली व वाड्याच्या एका दरवाजाला तिचें नांव पडलें. १७३४ सालीं तिला मुलगा झाला; तोच पुढें समशेरबहादूर म्हणून प्रसिद्धीस आला. पुण्याजवळचें पाबळ हें गांव तिला इनाम होतें, आणि तिची कबर तेथेंच आहे.

याच १७३४ सालीं काशीबाईंनाहि पुत्र झाला, तो रघुनाथराव. एका बापाचे दोन मुलगे, एकाच वर्षीं जन्मलेले. या साध्या योगायोगाकडे कादंबरीकार आणि चित्रपटकार यांचें लक्ष जावें तितकें गेलें नाहीं, याचें नवल वाटतें. कारण सगळा पेंच येथेंच आहे. पेशव्यानें एखादी नाटकशाळा ठेवली असती तर पुण्याच्या ब्राह्मणांनीं डोळे मिटले असते. त्या काळीं तसे डोळे मिटण्याचा सराव सर्वांनाच होता. बाजीराव मात्र मस्तानीला लपवीत नव्हता, आणि तिच्या मुलाला आपला मुलगा म्हणत होता. मुलगा म्हटला कीं मुंज आली, पंगत आली, वारसा आला. १७४० च्या प्रारंभीं रघुनाथाची मुंज आणि चिमाजीअप्पाचा मुलगा सदाशिव याचें लग्न अशीं दोन कार्यें पुण्यांत उरकलीं. घरचा कर्ता पुरुष तेथें नव्हता. तो गोदावरीच्या खोऱ्यांत निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशीं झुंजत होता. आणि ज्या मुलाची मुंज होणें शक्य नव्हतें, त्याच्या आईवर पहारा बसला होता.

एवढ्यावरून चिमाजीअप्पाला किंवा कोवळ्या वयाच्या नानासाहेबाला खलपुरुष ठरविणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. वसईचा किल्ला १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीनें घेतला होता. भावावर त्याची भक्ति होती, आणि भाऊ मद्यमांसाच्या नादीं लागून प्रकृति घालवीत आहे, त्याचें मूळ ती बाई आहे, अशी घरांतील सर्वांची समजूत होती. अशा समजुती घरांत एकदां बसल्या कीं चांगलीं माणसें वाईट कृत्यें करतात. शाहू महाराज साताऱ्याला होते. बाजीरावाचें मन मोडूं नये असाच त्यांचा कल होता. परंतु साताऱ्याचा कल पुण्याच्या माजघरांत पोहोंचेपर्यंत त्याची धार उरत नसे.

आतां पुन्हा गोदेकडे वळूं. चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या मनुष्याला बाजीराव त्या हिवाळ्यांत पुण्यापासून दूर कां गेला, हें धड सांगतां येणार नाहीं. निजामुल्मुल्कानें १७२४ सालीं साखरखेर्ड्याची लढाई जिंकून दक्षिणेंत आपलें स्वतंत्र राज्य उभें केलें. गंगाखेड, परभणी, नांदेड हा सगळा मुलूख त्या राज्यांत गेला, तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्या घराण्याकडेच राहिला. पण दक्षिणच्या सुभ्यांतून चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क मराठ्यांना बादशहाकडून मिळाला होता. निजामाला हा हक्क मान्य नव्हता. पालखेडला बाजीरावानें त्याला दाणावैरण व पाणी यांपासून तोडून कोंडलें व मुंगी-शेगांवच्या तहानें हा हक्क मान्य करविला. म्हणजे एका जमिनीवर दोन अंमल! राज्य एकाचें, वसुलांत वांटा दुसऱ्याचा. या कांठच्या शेतकऱ्याला बाजीराव ठाऊक होता तो चौथाईच्या रूपानें. त्याच्या प्रेमाची वार्ता तेथें पोहोंचली असलीच तर फार उशिरा. इतिहास लिहितांना पुणेकर ही बाजू बहुधा विसरतात.

१७३७-३८ च्या हिवाळ्यांत भोपाळला निजाम पुन्हा कोंडला गेला. पुढें नादिरशहाच्या स्वारीमुळें तो दिल्लीसच गुंतून पडला, आणि दक्षिणेंत त्याचा मुलगा नासिरजंग कारभार पाहूं लागला. १७३९ च्या अखेरीस बाजीराव त्याच्यावर चालून गेला. औरंगाबादच्या आसपास झालेल्या या मोहिमेचा शेवट २७ फेब्रुवारी १७४० च्या मुंगी-पैठणच्या तहांत झाला, आणि नासिरजंगानें नर्मदेकडील हंडिया व खरगोण हे प्रांत बाजीरावाला जहागीर म्हणून दिले. त्या नव्या जहागिरीची व्यवस्था लावण्यासाठीं तो उत्तरेकडे वळला. नर्मदेच्या तीरीं रावेरखेडी येथें त्याला ज्वर आला, आणि २८ एप्रिल १७४० रोजीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, तो तेथेंच वारला. गोदेवर जें मिळविलें तें ताब्यांत घेण्यास तो नर्मदेवर गेला होता. मस्तानीहि लवकरच गेली. तिनें विष घेतलें, हिरकणी खाल्ली, शोकानें प्राण सोडला अशा कथा पुष्कळ आहेत. त्यांच्या पाठीशीं कागद नाहीं.

इनामदारांच्या हातीं ही एवढी सामग्री आली. ते मूळचे सातारा जिल्ह्यांतले, जन्म १९२३ चा. मराठींत त्या काळीं ऐतिहासिक कादंबरीची मोठी लाट आली होती. रणजित देसायांची ‘स्वामी’ १९६२ सालीं निघाली व तिनें घराघरांत माधवराव आणि रमाबाई यांना आणून बसविलें. परंतु देसाई जेथें निष्कलंक नायक निवडीत, तेथें इनामदारांचा ओढा कलंकितांकडे. ‘झेंप’ त्र्यंबकजी डेंगळ्यावर, ‘झुंज’ यशवंतराव होळकरावर, ‘मंत्रावेगळा’ दुसऱ्या बाजीरावावर, ‘शहेनशहा’ औरंगजेबावर. नांवांची ही माळ पाहिली तर एखाद्या वकिलाचें अशिलांचें टिपण वाटावें. ज्यांचा खटला इतिहासानें आधींच निकालांत काढला अशांचीच वकिली त्यानें पत्करलेली. ‘राऊ’मध्यें हाच वकील मस्तानीसाठीं उभा राहिला. त्या कादंबरींत लढाया आहेत, पण त्या उंबऱ्याबाहेर. खरी लढाई ओसरी, देवघर आणि माजघर यांत चालते. मराठी वाचकांनीं पुस्तकावर प्रेम केलें तें याकरितां. पेशवाई म्हणजे भाला आणि भगवा झेंडा एवढेंच त्यांनीं शाळेंत शिकलेलें होतें. घरांतला अबोला काय करूं शकतो हें त्यांना सांगावें लागत नव्हतें. कादंबरींत कल्पनेचा भाग मोठा आहे, हें उघड आहे. तरी तिच्यांतली मंडळी पुण्याच्या हवेंत श्वास घेतात.

चित्रपटांत ती हवा बदलते. भन्साळींचा हा संकल्प जुना; २००३ च्या सुमारास त्याची पहिली वाच्यता झाली आणि प्रत्यक्ष चित्र तयार होण्यास बारा वर्षें गेलीं. विषय तर त्याहून जुना. मूकपटांच्या जमान्यांत, १९२५ सालींच, ‘बाजीराव मस्तानी’ या नांवाचा एक चित्रपट निघून गेला होता, त्याच्या दिग्दर्शनांत भालजी पेंढारकरांचा हात होता. बोलपटांत १९५५ सालीं ‘मस्तानी’ आली. परंतु २०१५ च्या चित्राचा डौल या कोणालाच शक्य नव्हता. रणवीर सिंग यांचा मुंडन केलेला, ताठ मानेचा बाजीराव, दीपिका पदुकोण यांची मस्तानी आणि प्रियंका चोप्रा यांची काशीबाई हीं तिन्ही कामें मनापासून केलेलीं आहेत. त्यांतहि काशीबाई अधिक उमटते, कारण तिला रडण्यासाठीं महाल लागत नाहीं. दिवा मालवण्याचें साधें कृत्य पुरतें. दिग्दर्शकाला हें कळलें होतें. मग त्यानें इतर ठिकाणीं एवढे झुंबर कां टांगले, असा प्रश्न पडतो.

कारण खरा शनवारवाडा कसा होता? १० जानेवारी १७३० रोजीं त्याचा पाया घातला, दोन वर्षांनीं वास्तुशांत झाली, आणि त्या बांधकामाला १६,११० रुपये लागल्याची नोंद आहे. पुढच्या पेशव्यांनीं त्यांत भर घातली, पण बाजीरावाचा वाडा हा एका कर्जबाजारी सेनापतीचा वाडा होता. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून तो आपल्या कर्जाचें रडगाणें पुनःपुन्हा गातो. सावकारांच्या विनवण्या करतां करतां तो जेरीस आलेला होता. काशीबाईंचें माहेर चासचें जोशी, तेहि सावकारच. अशा घरांत चित्रपटानें आरसेमहाल उभारला. त्याचें नातें आंबेरच्या शीशमहालाशीं जुळतें. कसब्याच्या लांकडी वाड्यांशीं नाहीं. आरशांत मस्तानी शतशः दिसते, हें नेत्रांना सुखाचें आहे खरें. पण जिचें एकहि खात्रीचें पत्र उरलें नाहीं तिचीं शेंकडों प्रतिबिंबें, हा विनोद दिग्दर्शकाच्या मनांत नसावा.

पुण्यांत वादळ उठलें तें ‘पिंगा’ या गाण्यावरून. काशीबाई आणि मस्तानी नऊवारी नेसून एकत्र फुगड्या-पिंगा घालतात, हें पेशवे घराण्याच्या रीतीला सोडून आहे, असा आक्षेप होता. आक्षेप बरोबर आहे. मंगळागौरीचा खेळ हा बायकांचा बायकांपुढें, दार लावून खेळावयाचा, आणि काशीबाईंच्या पायाला तर व्याधि होती. परंतु आक्षेपकांचा रोख रीतिभातीवर होता, आणि सत्याची मोठी हानि दुसरीकडे झाली होती. या दोघींची मनमोकळी भेट दाखवून प्रेक्षकाचे डोळे पुसतां येतात. पण प्रत्यक्षांत त्या घरानें मस्तानीला उंबऱ्याच्या आंत घेतलेंच नाहीं, हा इतिहासाचा गाभा त्या नाचांत विरघळतो. अखेरच्या प्रसंगाचें असेंच. ज्वरानें भ्रमिष्ट झालेला बाजीराव नदींत काल्पनिक शत्रूंवर तलवार चालवितो, तिकडे सांखळदंडांत मस्तानी त्याच क्षणीं प्राण सोडते. नर्मदेचें पाणी, उन्हाचा रंग, संगीत, सारें उत्तम जमलें आहे आणि रडूं येतेंच. मात्र दोन माणसें एकाच क्षणीं मेलीं कीं मागें राहिलेल्या तिसऱ्याचा विचार करावा लागत नाहीं. तो तिसरा सहा वर्षांचा होता.

येथें जनाबाईची आठवण होणें स्वाभाविक आहे, आणि केवळ गंगाखेडच्या निमित्तानें नव्हे. दमा आणि करुंड या गरीब जोडप्याची ही मुलगी लहानपणींच पंढरपुरास दामाशेटींच्या घरीं राहिली, आणि दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणें यांतच तिचा जन्म गेला. तिलाहि त्या घरांत नातें नव्हतें. दासी एवढीच तिची पायरी. परंतु तिच्या नांवावर साडेतीनशेंच्या आसपास अभंग आहेत. त्यांत ती आपल्या दासीपणाची नाममुद्रा स्वतःच्या हातानें उमटविते. १९४९ सालीं तिच्यावर चित्रपट निघाला तेव्हां लेखकाला तिचे शब्द हाताशीं होते. चुकलें तर प्रेक्षक त्याला सांगूं शकत होता. मस्तानीच्या बाबतींत अशी सोय नाहीं. ती गात असे, घोड्यावर बसत असे, रावांच्या स्वारींत असे, हें सगळें परक्यांच्या तोंडून. ज्या स्त्रीनें स्वतः कांहींच लिहून ठेवलें नाहीं, तिच्या तोंडीं वाटेल तें घालण्यास कादंबरीकार मोकळा, आणि चित्रपटकार तर अधिकच मोकळा. इनामदारांनीं हा मोकळेपणा जरा भीत भीत वापरला. भन्साळींना ती भीति नव्हती.

राहिला समशेरबहादूर. चित्रपटांत त्याचें कार्य एवढेंच, कीं त्याची मुंज नाकारली जावी आणि बापाला संताप यावा. प्रत्यक्षांत त्याचें आयुष्य तेथून सुरू होतें. आईबाप एकाच वर्षीं गेल्यावर तो पेशव्यांच्याच घरीं वाढला, आणि नानासाहेबानें, ज्याच्या घरानें आईला कोंडलें त्या नानासाहेबानें, या सावत्र भावाला लष्करी शिक्षण दिलें व आजोळच्या बुंदेलखंडांतील बांद्याकडील मुलूख त्याच्या हवालीं केला. मुंज झालेला रघुनाथराव अटकेपर्यंत गेला, आणि पुढें पुतण्याच्या खुनाचा डाग घेऊन जगला. मुंज न झालेला समशेर १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावाच्या बाजूनें लढला, तोच सदाशिव, ज्याच्या लग्नाच्या दिवसांत समशेरची आई पहाऱ्यांत होती. जबर जखमी होऊन तो भरतपूरच्या मुलखांत आला व तेथेंच वारला. वय अवघें सत्तावीस. २०१९ सालीं निघालेल्या ‘पानिपत’ चित्रपटांत तो थोडा वेळ दिसतो.

त्याचा मुलगा अलीबहादूर यानें बांद्याला आपली गादी पक्की केली. बांद्याचे नबाब तें हें घराणें. १८५७ सालीं त्या गादीवर दुसरा अलीबहादूर होता. त्यानें इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें, ब्रह्मावर्ताच्या पेशव्यांच्या बाजूनें. उठाव मोडल्यावर बांद्याचा मुलूख गेला, आणि मस्तानीच्या या वंशजाला इंदुरास नेऊन नजरकैदेंत ठेवण्यांत आलें.